नेलपॉलिश लावलेला स्क्रू

मित्रांनो, मी एक म्हातारा मायक्रोकंट्रोलर आहे, यंत्रांच्या पोटात बसणारा चिमुकला संगणक. वयाने फार नाही, पण आमच्या जातीला चार-पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. काडेपेटीहून थोडा मोठा असा माझा हिरवा बोर्ड. सध्या मुक्काम टेबलाच्या तळच्या खणात, मोडक्या चष्म्याशेजारी.

कारखान्यात माझी ढीगभर भावंडे जन्मली. कोणी खेळण्यातली गाडी पळवायला गेले, कोणी कुंडीला पाणी घालायला. माझ्या नशिबी आले मास्तर.

मास्तर तारऑफिसातून निवृत्त झालेले आणि त्यांना हौशी रेडिओचा, म्हणजे घरबसल्या बिनतारी संदेश धाडण्याचा नाद. दूरच्या गावातल्या जुन्या सहकाऱ्याशी ते रोज संध्याकाळी गप्पा मारत, त्याही तारेच्याच भाषेत, आखूड-लांब शिट्ट्यांनी. सहकाऱ्याचा हात इतका संथ की ऑफिसात त्याचे नाव कासव पडले होते. आधी कासवाने हाक मारायची, मग मास्तरांनी उत्तर द्यायचे, हा त्यांचा ऑफिसापासूनचा रिवाज.

पुढे मास्तरांचे कान थकले. रेडिओच्या खरखरीतून शिट्टी वेगळी काढता येईना. त्याचा राग ते जेवणावर काढू लागले, तेव्हा त्यांच्या मुलीने मला आणले आणि रेडिओ व हेडफोन यांच्यामध्ये बसवले. आवाज आधी माझ्याकडे येई. मी त्याचे आकडे करी, कासवाच्या सुराचे तेवढे ठेवी, बाकीचे गाळून टाकी आणि उरलेल्याचा पुन्हा आवाज करून देई. सुराचा पट्टा किती अरुंद ठेवायचा, ते माझ्या अंगावरचा एक बारीक स्क्रू ठरवी.

पहिल्याच संध्याकाळी मास्तरांचे डोळे भरून आले. "अगं, हा तर शेजारच्या खोलीत बसून वाजवतोय!"

त्या शाबासकीने मी नुसता फुलून गेलो. मास्तर मात्र चेकाळले. रोज स्क्रू थोडा थोडा आवळून पट्टा आणखी अरुंद करू लागले.

"बाबा, इतका आवळू नका," मुलगी म्हणाली. "काकांचा सेट जुना आहे. सूर जरा सरकला तर हा त्यांनाच गाळून टाकेल."

"कासव आणि सरकणार? त्याला खुर्चीतून उठवायला आम्हाला क्रेन लागायची!"

धक्क्याने स्क्रू हलू नये म्हणून रेडिओवाले त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकतात. मास्तरांनी आपल्या बायकोची, म्हणजे काकूंची बाटली उचलली आणि लाल थेंब टाकला.

"अहो, ती लग्नाला जाताना लावायला ठेवली होती!" काकू ओरडल्या.

मग कडाक्याची थंडी पडली. कासवाचा सेट गारठला आणि त्याचा सूर थोडा वर चढला. कासवाने हाक मारली. ती माझ्यापर्यंत पोचली, मला ओळखूही आली, पण मला नेमून दिलेल्या पट्ट्यात ती बसत नव्हती. मी ती गाळली. हेडफोनमध्ये चिडीचूप. मास्तर वाट बघत राहिले.

रेडिओची चकती केसभर फिरवली असती तरी सूर पट्ट्यात आला असता. पण कासव ठरलेली जागा सोडेल, हे मास्तरांच्या डोक्यातच येईना.

"फोन तरी करा," काकू म्हणाल्या.

"फोनवर त्याला ढिम्म ऐकू येत नाही. आणि आधी हाक त्याने मारायची असते. परवा मी त्याच्या संथपणावरून बोललो, ते लागलं असेल. फुगू दे!"

मित्रांनो, कासव रोज हाक मारत होता. मी रोज ऐकत होतो आणि रोज गाळत होतो. त्याचा हात आणखी संथ होत गेला. एका संध्याकाळी हाक अर्धीच आली. त्यानंतर आली नाही.

काही दिवसांनी कासवाच्या सुनेचा फोन आला. "मामंजी गेले हो. शेवटी शेवटी सेट खाटेवरच मागवून घ्यायचे. म्हणायचे, मास्तर रागावलाय, उत्तर देत नाही, पण ऐकत नक्की असणार."

मास्तरांनी हेडफोनची वायर माझ्यातून उपटली आणि सरळ रेडिओत खुपसली. खरखरीने खोली भरून गेली.

"बाबा, मी स्क्रू सैल करून देते," मुलगी म्हणाली.

"आता कोणासाठी?"

त्यांनी मला खणात टाकले. अजूनही ते संध्याकाळी टेबलाशी बसतात आणि चकती इकडे-तिकडे फिरवत राहतात. मध्येच काकूंच्या कानाला हेडफोन लावून विचारतात, "तुला काही ऐकू येतंय का गं?" काकू बराच वेळ ऐकतात आणि नाही म्हणून मान हलवतात. खणात मला सगळे कळते, पण रेडिओचा कुठलाच आवाज आता माझ्याकडे येत नाही.

माझ्या भावंडांपैकी कोणी तुमच्या हाती आले, तर त्याला जरूर कामाला लावा. फक्त त्याचा स्क्रू मोकळा ठेवा. आणि ओळखीचे माणूस गप्प झालेसे वाटले, तर रुसून बसण्याआधी हेडफोनची वायर आमच्यातून काढून एकदा खरखर ऐका. माझ्यावरचा लाल थेंब अजून तसाच आहे. तो नखाने खरवडला तरी निघाला असता.