धारवाल्याची प्रार्थना

१४ नोव्हेंबर, शनिवार, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. बैठकीच्या खोलीत आम्ही तिघे होतो: मी, पत्नी आणि माहितीपट करणारी आमची लेक. दारोदार फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या लोकांवरचा तिचा माहितीपट सोमवारी महोत्सवाकडे जायचा होता. ध्वनीची पातळी मी स्वतः जुळवून दिली होती.

शेवटच्या दृश्यात एक वृद्ध धारवाला चाकाशी बसून संथ सुरात काही म्हणतो. पडद्यावर अक्षरे उमटली: ‘पूर्वजांची प्रार्थना. ही भाषा बोलणारे हे अखेरचे. आता उरले: शून्य.’

पत्नी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“आई, ते वारले गं,” लेक दुखावून म्हणाली. “हसण्यासारखं काय आहे?”

“प्रार्थना कसली डोंबलाची. तो म्हणतोय, हा चष्मेवाला मघापासून शेणात उभा आहे. सांगू नका कुणी, बघू कधी कळतंय.”

लेकीने चित्र थांबवले. “आमचा कॅमेरावाला खरंच शेणात उभा होता. पण हे तुला कुणी सांगितलं?”

पत्नीचे हसू विरले. आपण अनाथ, वसतिगृहात वाढलो, माहेर नाही, असे तिने लग्नाआधी सांगितले होते. कार्यशाळेत मुलांना शिकवताना लोखंडाची पट्टीसुद्धा दोनदा मोजून घेणाऱ्या मी चाळीस वर्षे तेवढेच तपासले नव्हते.

“तू त्यांच्यातली?” मी विचारले.

“हो. वसतिगृहात काही हरवलं की धारवाल्यांची पोर म्हणून आधी माझी पेटी उघडायचे. मग मी बोलीच गिळली.”

“म्हणजे अखेरची तू,” लेक पुटपुटली.

“मी एकटी कुठे? दर दोन महिन्यांनी दाराशी येते ना धारवाली, ती माझी थोरली बहीण.”

‘घरात तुझी जीभ असताना सुऱ्यांना वेगळी धार कशाला?’ अशी पत्नीची थट्टा मी दर खेपेस करीत असे. त्या बाईला ‘आत या’ असे एकदाही म्हटले नव्हते.

“आई, माहितीपटात हे सांगू?” लेकीने विचारले.

पत्नी माझ्याकडे पाहत म्हणाली, “यांना विचार. उद्या लोक म्हणतील, मास्तरांची बायको धारवाली निघाली.”

मी म्हणालो, “लोकांचं नंतर पाहू. आधी मेहुणीबाईंना घरात बोलाव.”

“येईल. पण तुम्ही दारात घासाघीस करून वाचवलेलं सगळं आधी वसूल करील हो.”

रविवारी दुपारी त्या आल्या आणि प्रथमच खुर्चीवर बसल्या. दोघी बहिणी त्या बोलीत मनसोक्त भांडल्या. मला एक अक्षर कळले नाही. बहीण निघाली तेव्हा पत्नी लेकीला म्हणाली, “लिही. आम्ही दोघीही आहोत म्हणून लिही.”

संध्याकाळी लेकीने पडद्यावरचे ‘प्रार्थना’ आणि ‘अखेरचे’ हे शब्द पुसले आणि शेवटचा आकडा बदलला.

आता उरले: दोन.