शंभरीचं लाकूड

"आज बुधवार ना? शाळा नाही वाटतं?" हातातलं तेलाचं फडकं न थांबवता आईने विचारलं.

"सुट्टी घेतलीये," युनशिआ म्हणाली. खोटं इतकं सहज तोंडून गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

आई स्वतःच्या शवपेटीला तेल लावत होती. मधल्या घरात, भिंतीलगत दोन बाकांवर ती पेटी ठेवलेली असे. बाबांनी अधिक महिना पाहून सुतार बोलावला होता, डोंगरावरचं स्वतः लावलेलं झाड तोडून जोडीने दोन पेट्या करून घेतल्या होत्या. अधिक महिन्यात केलेल्या पेटीने आयुष्य वाढतं म्हणतात, म्हणून गावात तिला शवपेटी न म्हणता शंभरीचं लाकूड म्हणायचं. बाबांचं काही वाढलं नाही; आईचं मात्र दोघांच्या वाटचं वाढलं असावं. बाबा आपल्या पेटीतून डोंगरावर गेले आणि शेजारची जागा आईसाठी राखून ठेवली गेली. तोवर आई पेटीत शेंगदाणे साठवायची, आणि शेजारणी आल्या की झाकणावर थाप मारून म्हणायची, "हा माझा फ्लॅट बरं. जिना नाही, भाडेकरू नाही."

पण यंदा हुकूम निघाला होता. पुरणं बंद, सगळ्यांनी दहनच करायचं, आणि घरोघरच्या पेट्या जमा करायच्या. म्हातारी माणसं ऐकेनात, तेव्हा सरकारी साहेबांनी त्यांचा नाद सोडला आणि त्यांच्या नोकरदार मुलांना धरलं. ही साहेबलोकांची जुनीच रीत. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

हेडमास्तर ओउयांग तिच्याकडे न बघताच म्हणाले होते, "युनशिआबाई, आईची पेटी जमा होईपर्यंत वर्गावर येऊ नका. आईला समजावणं हीच तुमची ड्यूटी समजा. माझ्यावर राग नको. माझ्या सासऱ्यांची परवाच दिली मी."

युनशिआ वर्षानुवर्षं पहिलीच्या पोरांना शिकवत आली होती की देश म्हणजे मोठं घर. तिचा त्यावर विश्वासही होता, अजून आहे. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, आणि वर्ग सोडून तिला दुसरं काही येत नव्हतं. ती बाकाच्या टोकावर टेकली आणि वाटेत घोकून ठेवलेलं बोलू लागली.

"आई, दहन स्वच्छ असतं गं. जमीन वाचते. आता सगळीकडे तेच करतात."

"करू देत की. मी कोणाला अडवलंय? आणि सरकार वाईट असं मी कुठे म्हणते? रस्ता दिला, नळ दिला. माझ्या तरुणपणी माणसं झाडाची साल खायची, आता कुत्रं भाताला तोंड लावत नाही. सरकारने मागितलं आणि मी नाही म्हटलं असं झालंय कधी? पोलाद करायचं म्हणून चुलीवरची कढई मागितली, दिली. धान्य मागितलं, दिलं. आता मेल्यावर कुठे निजायचं, तेवढं तरी माझं मला ठरवू देत."

आईने फडकं खाली ठेवलं आणि लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"शाळेतून काढलं का तुला?"

"काढलं नाही. वर्गावर येऊ नको म्हणालेत. ही जमा होईपर्यंत."

आईने तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाली, "त्या खेपेलाही तुझे साहेब असंच म्हणाले होते."

त्या खेपेबद्दल दोघींनी आजवर कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. एकाच मुलाची परवानगी होती त्या काळात युनशिआला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. नोकरी जाईल म्हणून शाळेने दम दिला, ती लपायला माहेरी आली, आणि आईनेच तिला हातगाडीत बसवून दवाखान्यात नेलं. वाटभर सांगत होती, नोकरी राहील गं, बाकी सगळं विसरायला होतं.

"सहावा महिना होता," आई म्हणाली. "पाय मारत होता. मी हात लावून पाहिला होता, आणि तरी नेलं तुला."

"आई, नको ना."

"तेव्हा मी नेलं. आता तू ने."

नको, राहू दे पेटी, असं म्हणायची हीच वेळ होती. पण युनशिआला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज त्याच्या मागून आली, आणि मग ती गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. आईने शेंगदाणे सुपात काढून घेतले होते. चार माणसांनी पेटी उचलली, तशी ती म्हणाली, "थांबा. रिकामी दाराबाहेर काढू नये." तिने आतून आपले कापडी जोडे आणले. अखेरच्या प्रवासासाठी स्वतः शिवलेले, वर कमळ भरलेले. ते पेटीत ठेवून तिने झाकण लावून घेतलं.

"आजी, शहाण्या आहात," बरोबर आलेला साहेब म्हणाला. "बाकीच्या झाकणावर आडव्या पडतात. चला, एक फोटो काढू. बाई, तुम्हीही या. जरा हसा."

आई ताठ उभी राहिली. युनशिआ तिच्या शेजारी उभी राहिली आणि हसली. फोटो चांगला आला, असं साहेब म्हणाला.

दुपारी आईने मिरच्या घालून खारवलेलं डुकराचं मांस केलं. दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. मध्येच आई म्हणाली, "वरच्यांना हे ठाऊक नसणार. हे सगळे आपल्या इथल्यांचे उद्योग."

"मी कळवू का वर? लिहिते मी."

"नको गं बाई." आईने मांसाचा मोठा तुकडा निवडून तिच्या वाडग्यात ठेवला. "उगाच पुन्हा तुला वर्गावर येऊ नको म्हणतील. आणि आता माझ्याजवळ द्यायला काही उरलेलं नाही."