थोंगबायचा ख्वान

लुआनच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र त्याच्या मुलीच्या अक्षरात होतं. लुआन माहूत माझ्या घरापासून दोनच वळणांवर राहतो. पण वडीलधाऱ्याला तोंडावर विचारलं तर नाही म्हणताना त्याची पंचाईत होते, म्हणून पत्र.

आमच्या को चांग बेटावर फिरंगी पाहुणे हत्तींबरोबर समुद्रात डुंबायला येतात. थोंगबाय हत्तीण त्यांची लाडकी. पण तिच्या सोबतीची हत्तीण मेल्यापासून तिने चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. असंच चाललं तर तिला विकून टाकतो, असं हत्तींच्या छावणीचा मालक म्हणत होता. लुआनच्या मते तिचा ख्वान, म्हणजे अंगात राहून जीव राखणारा तो अदृश्य सोबती, मैत्रिणीच्या मागे रानात निघून गेला होता. "गुरुजी, तुम्ही त्याला परत बोलवाल का?" एवढंच पत्रात विचारलं होतं.

मी शाळेत भाषा शिकवायचो. ख्वान बोलावण्याचे मंत्र मला येतात, पण पुस्तकातले. ते काम विहारात वर्षं काढलेल्या म्हाताऱ्याचं. मी जेमतेम एक पावसाळा भिक्खू होतो, आणि तोही बहुतेक वाचण्यात गेला. नकार लिहायची हिंमत नव्हती आणि होकार लिहायची लायकी. पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

रविवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात थोंगबाय उभी. बरगड्या दिसत होत्या. शेजारी लुआन आणि त्याची बायको केसोन. केसोनच्या हातात ख्वानसाठी केळीच्या पानाफुलांचा मनोरा, पाटीत चिकट भात, उकडलेलं अंडं, आणि परतलेला ख्वान बांधून ठेवायला पांढरे दोरे.

"मी हो म्हटलं नव्हतं रे," मी पुटपुटलो.

"नाहीही म्हटलं नाहीत की!" लुआन म्हणाला. "तुमच्यासारखा माणूस हो म्हणून मिरवणार थोडाच? आम्ही काय ते समजलो."

"आणि आत पळू नका हं गुरुजी," केसोन म्हणाली. "ही मागोमाग आली तर भिंतच जाईल तुमची."

मी पुस्तक उघडलं. तेवढ्यात थोंगबायने पुस्तक हुंगलं आणि असा श्वास सोडला की सुटी पानं अंगणभर उडाली. मंत्रातलं काहीच आठवेना.

"थोंगबाय," मी म्हणालो, "घरी ये गं. रानात एकटी राहू नकोस. समुद्र इथेच आहे, लुआन इथेच आहे. ये."

तिची सोंड माझ्या डोक्यावरून फिरली. मग तिने मनोऱ्याचं वरचं पान खुडलं आणि चावलं. मग दुसरं. मग फुलांसकट अख्खा मनोरा, आणि सोंड पाटीकडे वळली.

"अगं, अंडं तरी ठेव गुरुजींना!" केसोन ओरडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लुआन हत्तिणीच्या पायाला कपाळ टेकून उभा होता.

केसोनने थोंगबायच्या कानाला दोरा बांधला, मग एक माझ्या मनगटाला. "तुमचाही ख्वान जरा भित्राच आहे. बांधलेला बरा."

दुपारी मी शब्दकोशातून पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं.

'लुआन, तुझं पत्र मिळालं. हो, बोलवेन. पुन्हा लागलं तर पुन्हा बोलवेन. माझ्या गप्प बसण्यात तू होकार वाचलास, त्याबद्दल मी तुम्हा सगळ्यांचा ऋणी आहे. थोंगबायचाही.'

पोस्टातली बाई पत्ता वाचून हसली. "गुरुजी, इथून हाक मारलीत तरी ऐकू जाईल त्याला."

"माहीत आहे," मी म्हणालो, तिकीट चिकटवलं आणि पत्र पेटीत टाकलं.