बिनतिखटाचा बटाटा

गगनबावड्याच्या घाटात तीस वर्षं धुक्यातनं एसटी हाकलेला कृष्णात गॅसपुढं उभा राहून घामाघूम झाला होता. समोर चार बटाटे उकडून तयार, आणि त्यांचं पुढं काय करायचं ते काही त्याच्या डोक्यात शिरेना. तसं लेकीनं, स्वप्नालीनं, पुण्याहून फोनवर सगळं सांगितलं होतं. गरम असतानाच सोला, कुस्करा, लोणी घाला, कोमट दूध घाला, मलईसारखं मऊ करा.

"आणि फोडणी कवा घालायची?"

"फोडणी न्हाय, आबा. हळद न्हाय, तिखट तर न्हायच न्हाय."

"मग ह्येला भाजी म्हणायचं का खीर?"

"काय बी म्हणा, पण आईच्या पोटात जाऊ द्या."

तेवढंच तर पाहिजे होतं. बायकोच्या, शालूबाईच्या, गालातल्या गाठीवर महिनाभर रेडिएशन झालं आणि तिचं तोंड आतून पार सोललं. तीन दिवस ती पाण्याच्या घोटावर होती. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातनं नळी घालू, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नळीचं नाव काढलं की ती भिंतीकडं तोंड करून पडायची.

कुस्करत कोण बसतंय, म्हणून कृष्णातनं बटाटे मिक्सरला लावले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! नुसती चिकट खळ झाली. लोणी-दूध ओतून ओतून त्यानं ती कशीबशी सैल केली, बोटावर घेऊन चाखली. एकदम मिळमिळीत. असलं जनावरसुद्धा खाणार नाही, म्हणजे बरोबर जमलंय, असं त्याला वाटलं.

पहिल्याच चमच्याला शालूबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. तिनं वाटी ढकलली आणि गाल धरून बसली. कृष्णात बघतच राहिला. लोणी-दुधाशिवाय ज्यात काही घातलं नाही, ते जळतंय कसं? त्यानं परत लेकीला फोन लावला.

"कुठल्या भांड्यात फिरवलासा, आबा?"

घरात मिक्सरचं भांडं एकच. बारा महिने त्यात कांदा-लसणाची चटणी वाटली जायची. कितीही धुवा, झाकणाच्या रबरात तिखट मुरलेलं. आणि जन्मभर तांबडा रस्सा ओरपलेल्या त्याच्या जिभेला त्याचा पत्ताच लागला नव्हता. कृष्णातला स्वतःची भयंकर लाज वाटली. आता स्वतःच्या जिभेवर विश्वास नाही, मग जमलं का बिघडलं हे कुणाला विचारायचं?

त्यानं पातेलं घासलं, चमचा घासला, हात तीनदा धुतले, तरी संशय जाईना. नवे बटाटे उकडले, चटके सोसत सोलले, तांब्याच्या बुडानं पातेल्यात रगडले. या खेपेला दिसायला तरी मलईसारखं झालं. त्यानं चाखलं नाही. चाखून काय उपयोग?

वाटी बघून शालूबाईनं ओठ घट्ट मिटले.

"अगं, आता ह्यात कायसुदिक न्हाय."

"मगाशीबी हेच म्हणालासा," ती कशीबशी बोलली.

"व्हय, म्हणालो. माझी जीभच खोटी निघाली, शालू. आता मला खरंच काय कळंना झालंय. ह्येबी जळलं तर थुकून टाक. मी परत करतो. बटाटं हायत अजून."

ती त्याच्या हाताकडं बघत राहिली. बोटं लालबुंद झाली होती. मग तिनं तोंड थोडंसं उघडलं. कृष्णातनं चमचा आत सरकवला. तिनं डोळे मिटले आणि गिळलं.

"जळतंय?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग कसं लागतंय?"

"कसंच लागत न्हाय. महिना झाला, माझी चवच गेलीया. तुमास्नी बोलले न्हाय."

कृष्णात वाटी धरून तसाच बसला. हसावं का रडावं, त्याला कळेना.

"द्या की," म्हणत शालूबाईनं परत तोंड उघडलं.