मराएवरचा दगड

१९८३ साली नामा बोटीवरची नोकरी करून सुट्टीला उरणजवळच्या आमच्या गावी आला, तेव्हा त्याच्या पेटीत एक काळा दगड होता. आमच्या गावदेवीचा दगड नव्या वसाहतीच्या भरावाखाली गाडला गेल्यापासून त्याची आई शेवंताबाई कुठल्याच देवळाची पायरी चढली नव्हती. नामानं तिच्यासाठी देव आणला होता.

मी शेजारचा मास्तर. शाळेतला नकाशा ओट्यावर पसरला आणि नामानं सांगितलेला, पॅसिफिक महासागरातल्या ताहितीच्या बाजूचा ठिपका मायलेकांना दाखवला.

"ज्वालामुखीचं बेट हाय, मास्तर," नामा म्हणाला. "समुद्राकाठी दगडांचा मोठा चौथरा. त्याला मराए म्हनतात. जुन्या काली लोक तिथं पूजेला जमायचे. छप्पर नाय, मूर्ती नाय, नुसते उभे दगड. आपली गावदेवीच वाटली."

"मंग?" शेवंताबाईनं विचारलं.

"हा सुटा पडला व्हता. मी कौल लावला, आये. दगडाला फूल चिकटवलं नि इचारलं, येतोस काय आमच्याकडं? फूल उजवीकडं पडलं."

"आपला कौल त्याला काय ठावं? तिथं मानसं नव्हती?"

"एक म्हातारी झाडत व्हती."

"तिला इचारलंस?"

नामा नकाशाची घडी घालू लागला.

"आपली देवी गाडली, तवा भराव घालनाऱ्या सायबानंबी मला इचारलं नव्हतं. त्याच्या हातात फूल नव्हतं, एवढाच तुमच्यात फरक."

"शेवंताबाई, पोरानं तुमच्यासाठीच..." मी म्हणालो.

"मास्तर, शालंत चोरी अशीच मऊ करून शिकवता काय?"

तिनं मला तिथल्या लोकांना चिठ्ठी लिहायला बसवलं. 'अजाणतेपणी घडलं' असं मी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"खोडा ते. म्हातारी समोर व्हती."

मी खोडलं.

"आये, बोट परत तिकडं जाईलच असं नाय," नामा म्हणाला.

"मंग जाईल ती बोट धर. या घरात तुझा देव येनार नाय."

सुट्टी संपेपर्यंत दगड ओट्यावरच राहिला. शेवंताबाईनं त्याला हळद लावली नाही, फूल वाहिलं नाही. माझ्या वर्गातली मुलं येता-जाता हात जोडू लागली, तर ती त्यांच्यावर खेकसायची, "पावना हाय तो. त्याला घरी जायचंय."