नळीतला चुना

काढ्याचा थेंब पडल्यावर दोन सेकंदांनी काचेच्या नळीतल्या पांढऱ्या थराच्या कडेला पहिला बुडबुडा आला. त्याच्या शेजारी दुसरा. मग मोजता येईनात. शाळेच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढलेल्या, आज पुढच्या खुर्चीत बसलेल्या बाईला असं मोजायची सवय होती.

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या. लोक भिंतीला टेकून उभे होते. व्यासपीठावर नळीबाबा सांगत होते की देह म्हणजे देऊळ, नस म्हणजे त्याची मोरी. मोरीच तुंबली तर देव तरी काय करणार? नळीतला थर म्हणजे हृदयातली चरबी, असं त्यांचं म्हणणं. बघता बघता थर गेला, नळी आरपार दिसू लागली, टाळ्या पडल्या. बाबांची अट एकच होती. काढा सुरू झाला, की डॉक्टरांच्या गोळ्या बंद.

टाळ्या वाजवण्यात तिचा नवरा पुढे होता. तीस वर्षं नळदुरुस्ती केलेल्या माणसाला तुंबलेली नळी मोकळी झालेली दाखवली, की त्याला आणखी कसला पुरावा लागतो? त्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. गोळ्या घेऊनही दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छाती दाटायची, हत्यारांची पेटी खाली ठेवावी लागायची. स्टेंट बसवायचा का, असं डॉक्टर चार महिने विचारत होते आणि हा ‘बघू’ म्हणत होता. तो ‘बघू’ आता घरातलाच एक माणूस झाला होता. दोघांच्या मध्ये जेवायला बसायचा.

काढ्यासाठी रांग लागली. नवरा टेबलापाशी पोचला, तेव्हा ती उभी राहिली. ही चरबी असेल तर काढ्याचा थेंब लोण्यावर टाकून दाखवा, म्हणाली.

“ताई, लोणी खायचं असतं, तपासायचं नसतं,” बाबा म्हणाले. लोक हसले.

ती नवऱ्याकडे वळली. “अहो, टेबलावर ती दुसरी, अजून न धुतलेली नळी आहे ना, तिच्यातला थर जरा नखाने खरवडून बघा.”

त्याने कंटाळत खरवडला. चिमटीत चोळला. काढ्याची बाटली नाकाशी नेली. आंबट वास आला.

“हा चुना आहे,” तो म्हणाला. “गिझरमधून मी रोज हाच काढतो. आम्हीही आंबटच काहीतरी ओततो. फक्त त्याला काढा म्हणत नाही.”

“म्हणजे चुना नळीला नाही, आपल्यालाच लावला,” मागून कुणीतरी म्हणालं. बाबा श्रद्धेवर बोलू लागले. अर्धी रांग पांगली. उरलेली अर्धी बाटल्या छातीशी धरून तिथेच थांबली.

बाहेर पायऱ्यांवर तो बसला. “मग माझ्या नळीत काय आहे?”

नळीत नाही, नळीच्या भिंतीत आहे, तिने सांगितलं. अस्तराखाली भिंत फुगली आहे; वरून काही ओतून ती धुतली जात नाही. तिचा आवाज वर्गात बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात तसा होता. डॉक्टरांनी बारीक तार घालून दाब मोजला होता. अरुंद जागेच्या अलीकडे शंभर धरला, तर पलीकडे अडुसष्ट. ऐंशीच्या वर भरला असता, तर स्टेंट नको असं त्यांनीच सांगितलं असतं.

“अडुसष्ट,” तो म्हणाला. “एवढा दाब पडला तर आमच्याकडे वरच्या मजल्याला पाणी चढत नाही.”

“तुम्हालाही चढता येत नाही.”

स्टेंटने आयुष्य वाढेलच, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. दाटणं कमी होईल, गोळ्या मात्र चालूच राहतील, एवढंच म्हणाले होते. तिनेही त्यात पदरचं काही घातलं नाही.

“माझं ऐकू नका,” ती म्हणाली. “डॉक्टर मोठे म्हणून त्यांचंही ऐकू नका. बाबांचं तर नाहीच. जे मोजलंय आणि पुन्हा मोजून बघता येतं, तेवढंच धरा.”

तो नखातली पांढरी भुकटी काढत राहिला. माणसं पायऱ्या उतरून गेली.

“बसवून घेतो,” तो म्हणाला. “स्टेंट.”