जामीनदार सुटत नाही

"वहिनी, नादारी मिळाली तर तुमचं दार वाजायचं थांबंल. जामीनदाराचं न्हाय थांबायचं," विश्वजित वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझी लेक क्रांती मांडीवर तापानं फणफणली होती. मी फक्त दार वाजायचं थांबेल एवढंच ऐकलं आणि म्हणाले, "ते नंतर बघू."

आमचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. मशीन पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेलं. माझ्या बांगड्याही त्यातच गेल्या. गल्लोगल्ली भावी नगरसेवक. वाढदिवस आला की वीस फुटी फ्लेक्स, आणि पैसे मागितले की, "इलेक्शन हुंदे की पावणं, पळून चाललोय व्हय?" इलेक्शन झालं. उभे राहिलेले भाऊ पडले, फोन बंद. आमचे हप्ते थकले.

कर्जाला जामीन होते शेजारचे दस्तगीरभाई, कागलच्या कारखान्यातले फिटर. त्यांच्या घरकर्जाला माझा नवरा, धम्मपाल. इथं असंच चालतं. तू मला सही दे, मी तुला देतो, आणि वर चहा. त्यांनी त्यांचं कर्ज फेडलं. आम्ही बावड्याच्या जिल्हा कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत उरली नाही असा अर्ज केला.

अर्ज करणं म्हणजे चारचौघांत उघडं होणं. कुणाचं किती देणं, घरात काय आहे, सगळं शपथेवर लिहून द्यायचं. पेपरात नोटीस येते. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लाल अक्षरांत छापली, त्याचं नाव शेवटच्या पानावर, मुंगीएवढं. तरी सगळ्यांनी वाचलं. कोर्टानं नेमलेला रिसीव्हर मशीन आणि गाडी घेऊन गेला. कपडे, भांडी, अंथरुणं ठेवली. "काही लपवलंय का?" असं न्यायाधीश साहेबांनी विचारल्यावर धम्मपालनं नुसती नकारार्थी मान हलवली.

शेवटी नादारीचा हुकूम झाला. वसुलीवाले यायचे थांबले. खूप दिवसांनी मी कडी न तपासता झोपले.

मग पतसंस्थेचं पत्र कारखान्यात गेलं आणि दस्तगीरभाईंचा पगार कापला जाऊ लागला. त्यांच्या लेकीला, मुबशिराला, नुकताच फार्मसीला प्रवेश मिळाला होता.

दस्तगीरभाईंच्या बायको, फातिमावहिनी, दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"श्रुती, तुमाला कोर्टानं सोडलं व्हय? ब्येस झालं. आमाला कोन सोडनार?"

"वहिनी, आम्ही देऊ हळूहळू..."

"कुठनं देनार? पेपरात छापलंय की, तुमच्याकडं कायबी न्हाय म्हनून!"

मी वकिलांकडे पळाले. धम्मपाल आता दुसऱ्याच्या छापखान्यात कामाला जातो, त्या पगारातून आधी दस्तगीरभाईंना देऊ का?

"एकट्यालाच गुपचूप दिलं तर बाकी ज्यांचं देणं हाय ते बोंबलतील. जे येईल ते आधी रिसीव्हरला दाखवायचं."

"आणि दस्तगीरभाईंनी काय करायचं?"

"आधी पतसंस्थेचं भरायचं. मग तुमच्याकडनं मागायला बाकीच्यांच्या रांगेत उभं ऱ्हायचं." वकिलांनी चष्मा पुसला. "मी सांगितलं हुतं की, वहिनी."

सांगितलं होतं. मी बी.कॉम. आहे, आणि मला जामीनदार म्हणजे फक्त एक सही वाटत होती.

दस्तगीरभाईंनी घर भाड्यानं दिलं आणि कागलला एका खोलीत राहायला गेले. टेम्पो भरताना धम्मपालनं पलंगाला हात लावला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुझा हात नको." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर ते आमचा फोन उचलत नाहीत. मुबशिराचाही नंबर लागत नाही. तिनं कॉलेज सोडलं असं कुणी म्हणतं, तर कुणी म्हणतं कुठल्याशा दुकानात कामाला उभी असते. खरं कुणालाच माहीत नाही.

मी गेले तर दार उघडणार नाहीत. तुम्ही कागलकडचे असाल तर बसस्टँडच्या मागं दस्तगीर फिटर म्हणून विचारा. पाणी मागा, बसा जरा वेळ. माझं नाव काढू नका. मुबशिरा कॉलेजला जाते का, तेवढं बघून या.